कुरणातली शाळा आणि आमचा पट

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मिरगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता. आमच्या कुडाळपासून थोड्या अंतरावरच्या एका वाडीत शाळेच्या बाई आणि मी छत्री सांभाळत घरोघर फिरत होतो. बचत गटामुळे त्या वाडीतल्या बायका मला ओळखतात, म्हणून बाईंनी मला सोबत घेतलं होतं. काम एकच, पहिलीत घालण्याजोगी मुलं शोधायची! शाळेच्या पटावर नऊ मुलं उरली होती. चौथीतली तीन पुढच्या शाळेत गेली की राहणार सहा. बाईंच्या चेहऱ्यावरची काळजी बघवत नव्हती.

एका घरी पडवीत बसलो. त्या घरची सून काजू फॅक्टरीत कामाला जाते. बोटांना काजूच्या डिकाचे काळे डाग. तिचा मुलगा सहा वर्षांचा. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. जिल्हा परिषदेची शाळा कशी चांगली, पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारचा आहार, शिकलेले शिक्षक, घरापासून पाच मिनिटांवर. तिने सगळं शांतपणे ऐकलं. चहा दिला. आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, की वहिनी, तुमचो झिल खंयच्या शाळेत जाता?

माझा घास घशात अडकावा तसं झालं. माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. रोज सकाळी पिवळी गाडी दारात येते. मी काहीच बोलले नाही. बाईंनी विषय बदलला. घरी परतताना साकवावरून जाताना खाली व्हाळाचं गढूळ पाणी वाहत होतं, आणि मला वाटलं, आपण लोकांना सांगत फिरतो ते शहाणपण आपल्या घराच्या उंबऱ्याशीच थांबलं की काय?

त्या रात्री झोप लागेना, म्हणून कपाटातलं एक जुनं पुस्तक काढलं. अनुताई वाघांचं आत्मचरित्र, ‘कोसबादच्या टेकडीवरून’. कॉलेजात असताना वाचलं होतं, तेव्हा एका थोर समाजसेविकेची गोष्ट म्हणून. या वेळी मात्र वेगळंच काही दिसलं. शाळेत मुलं येत नाहीत या एकाच प्रश्नाशी ही बाई आयुष्यभर झुंजली होती! आज तिचीच गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

तेराव्या वर्षी संपलेला संसार

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. मयूरेश्वराचं मोरगाव ते हेच. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी लग्न झालं, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत संसार संपला होता. त्या वेळच्या अशा मुलींचं पुढे काय व्हायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलंय. माजघराचा कोपरा, लाल आलवण आणि साऱ्या घराची कामं. कोकणातल्या जुन्या घरांत अशी एखादी आत्या, एखादी मावशी असायचीच.

पण अनुताई त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. त्या शिकल्या. १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत पहिल्या आल्या. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन १९२९ मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदोरीला शिक्षिकेची नोकरी धरली. एकोणीस वर्षांची बालविधवा खेड्यात एकटी राहून नोकरी करते, हे त्या दिवसांत किती अवघड असेल! आजही आपल्याकडे नवी शिक्षिका बदलून आली की ती कुठे राहते, कुणाकडे जेवते, एवढीच चौकशी आधी होते.

१९३३ नंतर त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या. शहरातली नावाजलेली शाळा, पगार, मान, सगळं होतं. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. पदवी तर त्यांनी पुढे १९६१ मध्ये घेतली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! चाळिशी ओलांडली की आता काय शिकायचं असं म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी (त्यात मीही आले) हे आकडे एकदा नीट वाचावेत.

बोर्डीची हाक

१९४५ साली त्यांच्या आयुष्याला वळण लागलं. कस्तुरबांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने ग्रामसेविका तयार करण्याचं काम सुरू झालं होतं. त्यासाठी बोरिवलीला भरलेल्या शिबिरात अनुताई गेल्या आणि तिथे त्यांची गाठ पडली ताराबाई मोडकांशी.

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. १९१४ च्या पदवीधर, गुजराथेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या, मुंबईत दादरला शिशुविहार काढलेल्या. मॉन्टेसोरीची पद्धत आपल्या मातीत रुजवायची म्हणून त्यांनी जन्म वेचला होता. पण शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांना शिकवून आपलं काम संपत नाही, ही बोच त्यांना लागली होती. खेड्यात, गरिबांच्या वस्तीत बालवाडी काढायची असं त्यांनी ठरवलं, आणि जागा निवडली डहाणू तालुक्यातली बोर्डी. तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वारल्यांचे डोंगर.

हुजूरपागेची नोकरी सोडून अनुताई ताराबाईंच्या मागे गेल्या. वय पस्तीस. पुढची सत्तेचाळीस वर्षं त्या तिथल्याच झाल्या.

तो काळही लक्षात घ्या. त्याच १९४५ मध्ये त्या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर त्यांच्यात राहून त्यांना संघटित करत होत्या. सावकाराचं कर्ज, जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणं, पोटाला अर्धं अन्न. अशा घरातल्या मुलाने शाळेत यावं असं कुणी म्हणालं, तर आईबाप काय उत्तर देणार?

मूल येत नाही तर शाळा जाईल

बालवाडी काढली, पण मुलं येईनात. कारण विचारायला घरी जावं, तर मुलं नव्या माणसाला बघून पळून जायची.

इथे मैत्रिणींनो, मला या दोघींचं सगळ्यात मोठं वेगळेपण दिसतं. मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर सर्वसाधारण माणूस काय म्हणतो? आईबाप अडाणी आहेत, यांना शिक्षणाची किंमत नाही. मीही अनेकदा असंच म्हटलंय. या दोघींनी मात्र दोष शाळेत शोधला. मूल का येत नाही, याचं एकेक कारण घेतलं आणि त्या कारणाप्रमाणे शाळाच बदलली.

मूल बालवाडीपर्यंत येत नाही? मग बालवाडीच त्याच्या पाड्यावर नेऊ. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. आया कामं करता करता लांबून बघायच्या. हळूहळू जवळ यायच्या. अंगणात भरते ती अंगणवाडी! आज तुमच्या-आमच्या वाडीत जी अंगणवाडी आहे, तिच्या नावाचं मूळ हे असं आहे. आमच्या मालवणीत अंगणाला खळं म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत ती खळ्यातली शाळाच झाली.

मॉन्टेसोरीची साधनं महाग, परदेशी धर्तीची. ती पाड्यावर कुठून आणायची? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या, माती हीच साधनं झाली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं, लहानमोठं कळायला दगड. मुलांनी जन्मापासून हाताळलेल्या वस्तू, त्यामुळे भीती नाही आणि मोडल्या तरी खर्च नाही.

मोठ्या बहिणी शाळेत येत नव्हत्या, कारण धाकट्या भावंडांना त्या कडेवर घेऊन सांभाळायच्या. आई रानात किंवा शेतावर. मग बालवाडीला पाळणाघर जोडलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. बहिणीने भावाला पाळणाघरात ठेवावं आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसावं. या एकत्र मांडणीला त्यांनी नाव दिलं विकासवाडी. किती साधी गोष्ट! पण ती सुचायला त्या मुलीच्या कडेवरचं ओझं आधी दिसावं लागतं.

आणि मुलगे? ते सकाळीच गुरं घेऊन रानात जायचे. गुरं राखणाऱ्या मुलाला शाळेत बसवलं तर गुरं कोण बघणार, आणि मालक काय म्हणेल? म्हणून अनुताईंची शाळा कुरणात गेली. गुरं चरतायत, झाडाखाली फळा टेकवलाय, एक डोळा गुरांवर आणि एक फळ्यावर. तिचं नाव कुरणशाळा. आमच्याकडेही जुनी माणसं सांगतात, भरडावर गुरांमागे जाताना पाटी कमरेला खोचून नेलेली. पण गुरांमागे मास्तरच आल्याचं मात्र कुणी सांगत नाही!

कोसबादची टेकडी

बोर्डीला जम बसल्यावर १९५७ च्या सुमारास हे काम तिथून जवळच कोसबादच्या टेकडीवर, थेट आदिवासींच्या वस्तीजवळ गेलं. वीज नाही, धड रस्ता नाही, पाणी लांबून आणायचं. तिथे या दोन बायकांनी शाळा वाढवली, बालसेविकांना शिकवलं, वाड्या-पाड्यांवर अंगणवाड्या पसरल्या. ताराबाई विचार मांडायच्या आणि अनुताई ते पायी चालून उंबऱ्यापर्यंत पोचवायच्या, असं साधारण म्हणता येईल. अर्थात दोघींची कामं इतकी एकमेकींत मिसळली होती, की वेगळी करणं अवघडच. दोन बायका एकत्र आल्या की भांडण ठरलेलं, असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण द्यावं.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. निवृत्तीचं वय उलटलेलं. पण सगळा भार त्यांनी उचलला. पुढे दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. सुरुवातीला फक्त ३३ प्रकल्प. त्या योजनेच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. एका टेकडीवरचा शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत गेला, पण तो बघायला ताराबाई नव्हत्या.

अनुताई थांबल्या नाहीत. १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, प्रा. रमेश पानसे यांच्यासोबत त्यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था उभी केली. आदिवासी मुलांना आनंदाने कसं शिकवता येईल, याचे प्रयोग तिथे सुरू झाले. १९८५ मध्ये सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. २७ सप्टेंबर १९९२ ला त्यांनी जगाचा निरोप घेतला. ना मूल ना बाळ, तेराव्या वर्षी कपाळ पुसलेली मुलगी, पण किती मुलांची आई होऊन गेली!

तेव्हा मुलं होती, शाळा नव्हती

पुस्तक मिटलं तेव्हा पहाट झाली होती. मनात आलं, काय हा उलटा न्याय! अनुताईंपुढे रानभर मुलं होती आणि शाळा नव्हती. आमच्याकडे कौलारू, रंगवलेल्या, फळे-संगणक असलेल्या शाळा आहेत आणि बाकांवर मुलं नाहीत.

कारणं सगळ्यांना माहीत आहेत. पूर्वी एका घरात पाच-सहा मुलं असायची, आता एक-दोन. तरुण जोडपी मुंबई-पुण्याला, गोव्याला कामाला. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा वाडीत पोरांचा गलका होतो, तो दीड दिवसाचा नाही तर पाच दिवसांचा. उरलेली मुलं इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसून निघून जातात. शिकण्यात आपला सिंधुदुर्ग कधी मागे नव्हता, दहावीच्या निकालात कोकण विभागाचं नाव वर्षानुवर्षं वरच असतं. पण त्या निकालाचा पाया घालणाऱ्या वाडीतल्या शाळाच ओस पडत चालल्यात.

आणि शाळा बंद झाली तर नुसती इमारत जात नाही. कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा राज्यभर झाली, तेव्हा आमच्याकडच्या आयांचा पहिला प्रश्न होता तो व्हाळाचा. कागदावर दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण आषाढात साकवाला पाणी लागलेलं असताना सहा वर्षांच्या पोराला तिकडे कोण नेणार? ज्या आईकडे गाडीचे पैसे नाहीत, तिचंच मूल घरी राहणार. त्यातही आधी मुलगी.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, आपण आता सांगायला नको, विचारायला जाऊ. पुन्हा त्याच घरी गेलो. या वेळी मी आधीच सांगून टाकलं, की माझा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. सगळे घालतात म्हणून, तो मागे पडेल या भीतीने, मी त्याला तिथे घातला. वाडीतल्या शाळेची पायरीसुद्धा न चढता मी ते ठरवलं होतं. हे बोलताना लाज वाटली, पण बोलल्यावर हलकं वाटलं. ती सून हसली, आणि मग पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली.

तिचं कारण इंग्रजी नव्हतंच मुळी! ती सकाळी आठला फॅक्टरीत जाते, शाळा उघडते साडेदहाला. मधले अडीच तास मुलाला कुणाकडे ठेवायचं? घरात सासू अंथरुणाला खिळलेली. पिवळी गाडी आठच्या आधी मुलाला घेऊन जाते, म्हणून ती पोटाला चिमटा काढून तिची फी भरायला तयार होती. आम्ही मात्र दोन वर्षं तिला फुकट पुस्तकांचं कौतुक सांगत होतो!

आणखी चार घरी विचारलं. दोघींची अडचण हीच. एकीला इंग्रजी हवं होतं. एकीचा नवरा म्हणत होता, शाळेत एवढी कमी मुलं, आमचं पोर खेळणार कुणाशी?

वेळेच्या अडचणीवर उपाय निघाला. शाळेजवळच्या घरातल्या दोन आजी सकाळी आठपासून मुलांना आपल्या पडवीत बसवतात. बचत गटातल्या आम्ही चौघी आळीपाळीने जातो. गाणी, गोष्टी, काजूबियांनी बेरीज-वजाबाकी. इंग्रजीसाठी बाईंनी स्वतःच रोज अर्धा तास काढला. त्या वर्षी पहिलीत पाच मुलं आली. सहावर पाच, अकरा झाली. अकरा म्हणजे काही वीस नव्हेत. उद्या काय निर्णय होईल, तो आमच्या हातात नाही. खेळायला मुलं नाहीत म्हणणाऱ्या बापाला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही, त्याचं पोर गाडीतच जातं. आणि माझ्या मुलाला मी आता शाळा बदलायला लावणार नाही, तो तिथे रुळलाय. जे झालं ते झालं. पण सुट्टीच्या दिवशी तो पडवीत येऊन लहान मुलांना चित्रं काढून दाखवतो, तेव्हा त्यालाही कळतं की शाळा म्हणजे काही फक्त पिवळी गाडी नव्हे.

अनुताईंसारखं घरदार सोडून टेकडीवर जाणं आपल्याला जमणार नाही. आपल्यामागे चूल आहे, म्हातारी माणसं आहेत, मुलांचे डबे आहेत. पण त्यांच्याकडून एक गोष्ट घेता येईल. मूल शाळेत का येत नाही, हे त्याच्या आईला विचारायचं, आणि ती सांगेल ते खरं मानायचं.

येत्या जूनमध्ये पावसाच्या आधी एकदा तुमच्या वाडीतल्या शाळेत जा. अर्धा तास मागच्या बाकावर बसा. शाळा आवडली नाही तर तसं बाईंना स्पष्ट सांगा. आवडली तर शेजारणीला सांगा. पण न बघता ठरवू नका. मी ठरवलं होतं, म्हणून सांगते.